सहाव्यानंतरची मुलगी

शनिवारच्या गाण्यांच्या स्पर्धेत कोण बाहेर पडलं, हे लंडनजवळच्या अख्ख्या इल्फर्डला शनिवारीच कळायचं. नागावकरांकडे ते रविवारी सकाळी, आम्लेट-पाव खाऊन झाल्यावर कळायचं. याला कारण हिलेल नागावकरांचा शब्बाथ. चाळीस वर्षांपूर्वी मुंबई सोडली तरी त्यांनी बेने इस्राएली घराची ही रीत सोडली नव्हती. शुक्रवारी सूर्य कलला की शनिवारी तारे दिसेपर्यंत दिव्याच्या बटणाला हात नाही, फोन नाही, टीव्ही नाही. स्पर्धा लागायची शनिवारी साडेसहाला आणि इंग्लंडच्या उन्हाळ्यात तारे दिसायला दहा वाजून जातात. मग हिलेल शुक्रवारी, रेचलबाईंनी मेणबत्त्या लावायच्या आधी, व्हिडिओला टायमर लावून ठेवत. शनिवारी ते यंत्र आपलं आपण सुरू होई, तासभर टेप करी आणि बंद होई. टीव्हीचा पडदा काळाच.

रविवारपर्यंत निकाल कानावर पडू नये म्हणून दोघं डोळ्यांत तेल घालून जपत. मोठा धोका शेजारच्या अरुणाताईंचा. त्या नाशिकच्या, मनाच्या साफ, पण पोटात काही राहायचं नाही. त्यांची चाहूल लागली की रेचलबाई दुधाची बाटली दारातच ठेवून आत पळत.

स्पर्धेत तीन परीक्षक होते. चौथे हिलेल. भुयारी रेल्वेच्या तिकीट खिडकीवर तीस वर्षं काढलेला हा माणूस सिनेगॉगमध्ये प्रार्थनाही गाऊन म्हणायचा, त्यामुळे सूर केसभर हलला तरी त्यांची भुवई हलायची. प्रत्येक गाणं संपलं की ते दहापैकी मार्क सांगत. सातच्या वर कधी कुणी गेलं नव्हतं. रेचलबाई सगळ्यांना नऊ देत. "त्यांच्या आया बघत असतील हो," म्हणत.

एलालाही त्यांनी मार्क दिले होते. चार.

एला त्यांची धाकटी. तीन वर्षांपूर्वीच्या ऑगस्टमधली शुक्रवारची दुपार होती. सतरा वर्षांची एला स्वयंपाकघरात त्यांच्यासमोर उभी राहिली. याच स्पर्धेच्या पहिल्या चाचणीला तिला जायचं होतं, आणि शब्बाथ मोडू नये म्हणून तिनं मुद्दाम मंगळवारचा दिवस निवडला होता. "पप्पा, आधी तुम्ही मार्क द्या. मग जाते," ती म्हणाली आणि गायली.

हिलेलांच्या डाव्या कानात रेडिओची वायर होती. लीड्सला भारताची बॅटिंग रंगात आली होती. ते लेकीकडे बघत होते, मधेमधे मानही डोलवत होते, पण कान लीड्सला होता. गाणं संपलं. पोरीचं शेवटचं वर्ष आहे, अभ्यास सोडून नसत्या नादाला लागायला नको, असा हिशेब करून ते म्हणाले, "चार." गाणं कुठलं होतं हेसुद्धा त्यांना सांगता आलं नसतं. ही गोष्ट जगात त्यांच्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हती.

एला "ओके" म्हणाली आणि चाचणीला गेली नाही. त्यानंतर ती त्यांच्यासमोर कधी गायली नाही. दीड वर्षानं, रक्ताच्या आजारानं पांढरी पडलेली ती वॉर्डात पडून होती, तेव्हा हिलेलांनी धीर करून म्हटलं, "एला, काहीतरी म्हण ना." ती हसली. "चार मार्कवाली गाणी हॉस्पिटलमध्ये अलाउड नाहीत, पप्पा." टोमणा नव्हता तो, पोरगी थट्टाच करत होती. पाच दिवसांनी ती गेली.

लहानपणची बडबडगाणी वेगळी. पण मोठ्या झालेल्या एलाचा गाता आवाज कसा होता, हे ज्याला माहीत नाही असा त्या घरात एकच माणूस होता, आणि तो तिचा बाप होता.

तर २००५ चा तो जुलै. स्पर्धेत दहा जण उरले होते. रविवारी नेहमीप्रमाणे टेप लावली. सहाव्या गायकाला हिलेलांनी साडेपाच दिले, रेचलबाईंनी नऊ. आता जाहिराती यायच्या, पण रंगमंच तसाच राहिला. निळा उजेड, मधोमध माइकचा दांडा, आणि कुणीही नाही. आवाजही नाही. मिनिटभरानं जाहिराती लागल्या.

"टेप जुनी झालीय," हिलेल म्हणाले. रेचलबाई पडद्याकडेच बघत राहिल्या. त्यांचा चहा तसाच गार झाला.

पुढच्या रविवारी नवी टेप होती, वुलवर्थ्सच्या दुकानातून आणलेली. नऊ गायक. सहावी मुलगी वाकून गेली, आणि पुन्हा तोच निळा उजेड. या वेळी माइकपाशी कुणीतरी पाठमोरं उभं होतं. खांदे बारीक, केस अगदी आखूड, उपचारांनंतर नुकते उगवू लागतात तसे. खाली नाव नव्हतं, मत देण्याचा नंबर नव्हता. हिलेलांनी आवाज वाढवला. काहीच नाही. आणखी वाढवला, तर जाहिरातीतल्या बाईनं घर डोक्यावर घेतलं.

सोमवारी त्यांनी स्वतःहून अरुणाताईंना कुंपणापाशी गाठलं. ताईंना वाटलं, सूर्य पश्चिमेला उगवला.

"काय हो, सहाव्यानंतर कोण गायलं परवा?"

"सहाव्यानंतर? ब्रेक झाला की. मी कुकर लावून आले तेवढ्यात." ताईंनी त्यांच्याकडे निरखून पाहिलं. "बरं आहे ना तुम्हाला, हिलेलभाऊ?"

तिसऱ्या रविवारी थोरला झॅकरी मिल्टन कीन्सहून आला होता. हिलेलांनीच बोलावलं होतं. तो कंप्यूटरवाला, त्याला यंत्रातलं कळतं. तिघं एकाच सोफ्यावर बसले, झॅकरी मध्ये. सहावा गायक गेला. निळा उजेड आला.

या वेळी तिचं तोंड इकडे होतं. कुणी ओळख पटवून द्यायची गरज नव्हती. अंगात राखाडी कार्डिगन होतं, वॉर्डात थंडी वाजते म्हणून रेचलबाईंनी नेऊन दिलेलं. हातात माइक. नजर खाली. ओठ हलत होते. हिलेल जागेवरून उठून पडद्याच्या इतके जवळ गेले की काचेची वीज कपाळाला चरचरली. गळ्याची शीर ताणलेली दिसत होती. पोरगी गात होती, जीव तोडून गात होती, आणि स्पीकरमधून साधी खरखरही येत नव्हती.

"आवाज का नाही येत?" ते ओरडले. "झॅक, आवाज का नाही येत?"

"येतो आहे, पप्पा." झॅकरी त्याच्या मोडक्या मराठीत सावकाश म्हणाला. "कारचा ॲड आहे. साउंड ठीक आहे."

त्याच पडद्यावर, त्याच क्षणी, त्याला मोटारीची जाहिरात दिसत होती. हिलेलांनी रेचलबाईंकडे पाहिलं. त्या डोळे मिटून बसल्या होत्या आणि गालांवरून पाणी वाहत होतं. तिला बघवत नाही, असं हिलेलांना वाटलं.

झॅकरीनं टेप दोनदा मागे नेऊन पाहिली. मग स्वतःच चहा केला, बापाच्या हातात कप दिला आणि म्हणाला, "जीपी डॉक्टरला भेटू या आपण. मी येतो तुमच्याबरोबर. मला पण झोप नाही येते, तिची आठवण आला की."

"तू ऐकलं होतंस तिला? गाताना?"

"ऑफ कोर्स. फोनवर म्हणायची माझ्यासाठी." झॅकरीनं रिमोट खाली ठेवला. "शी वॉज गुड, पप्पा."

तो आठवडा हिलेलांनी कसा काढला ते त्यांचं त्यांना ठाऊक. दुखत होतं ते इतकंच की फोनवर पोराला ऐकवलं, आईला ऐकवलं, भिंतींनीही ऐकलं असेल, आणि एवढा सुरांचा पारखी म्हणवणारा बाप कोरडा राहिला. काखेत कळसा होता, आणि वळसा घालायलाही आता गाव उरलं नव्हतं. मग त्यांच्या मनानं घेतलं की दोष टेपचा आहे. टेप म्हणजे नक्कल. अस्सल शनिवारी संध्याकाळी असतं, साडेसहाला. तिथं आवाज असेल.

शनिवारी सव्वासहाला रेचलबाई वर आडव्या झाल्या होत्या. खिडकीतून लख्ख ऊन येत होतं. हिलेल टीव्हीसमोर उभे राहिले. आजवर त्यांनी शब्बाथला साधा दिवा लावला नव्हता. वडील गेले ती तार सुद्धा शनिवारी आली म्हणून तारे दिसेपर्यंत फोडली नव्हती. त्यांचं बोट बटणापर्यंत गेलं, परत आलं. मग त्यांनी बटण दाबलं.

सात गायक उरले होते. एक, दोन, तीन. हिलेल कुणालाच मार्क देत नव्हते. शेजारी व्हिडिओचा लाल दिवा लागला होता, टेप फिरत होती. चौथा. पाचवी. सहावा गायला, वाकला, गेला.

धुण्याच्या पावडरीची जाहिरात लागली. मग मोटारीची. मग सातवा गायक आला.

जिन्यात पाऊल वाजलं. रेचलबाई शेवटच्या पायरीवर उभ्या होत्या. चालू टीव्हीकडे आणि नवऱ्याकडे त्यांनी पाहिलं.

"दिसली?" त्यांनी विचारलं.

"नाही."

त्या येऊन शेजारी बसल्या. त्यांनी नवऱ्याचा हात हातात घेतला. तारे दिसेपर्यंत दोघं तसेच बसून राहिले.

रविवारी सकाळी आम्लेट कुणी केलंच नाही. हिलेलांनी टेप मागे नेली आणि सरळ सुरू केली.

सहावा गायक वाकून गेला. निळा उजेड.

ती आली. चालत आली, वॉर्डातून न्हाणीघरापर्यंत जायची तशी, एक हात कशाला तरी धरल्यासारखा. माइकपाशी उभी राहिली. श्वास घेतला.

"दहा," हिलेल म्हणाले. "दहापैकी दहा, एला."

मागच्या रविवारी तिची नजर खालीच होती. आता तिनं मान वर केली. कॅमेऱ्याकडे नाही, थोडं डावीकडे, जिथं हिलेल बसले होते तिथं.

"आधी ऐका तरी हो," रेचलबाई हळूच म्हणाल्या.

मग ती गायली.

हिलेलांना व्हिडिओच्या चाकांची घरघर ऐकू येत होती. भिंतीवरचं घड्याळ ऐकू येत होतं. अरुणाताईंचा कुकर, कोपऱ्यावर वळणारी बस, स्वतःच्या छातीतले ठोके. रेचलबाईंचा एक हात त्यांच्या हातात होता, दुसऱ्या हाताच्या बोटांनी त्या गुडघ्यावर ठेका धरत होत्या.

ओठ मिटले. गाणं संपलं असावं.

"अजून तशीच मध्येच श्वास घेते बघा," रेचलबाई डोळे पुसत म्हणाल्या. "नाही का?"

"तुला ऐकू येतं?"

"म्हणजे? पहिल्या रविवारपासून येतंय. स्टेजवर कुणी नव्हतं, तेव्हासुद्धा." त्या गोंधळल्या. "तुम्ही आवाज नाही, आवाज नाही म्हणत होतात. मला वाटलं, तुम्हाला सोसवत नाही म्हणून म्हणताय."

हिलेलांनी पडद्याकडे बोट केलं.

"कुठलं गाणं आहे, रेचल?"

रेचलबाईंनी मान वळवली. "तेच की. दर वेळी तेच म्हणते. त्या शुक्रवारी तुम्हाला म्हणून दाखवलेलं."

हिलेलांच्या चेहऱ्यावर काहीच उमटलं नाही. ओळखीचं असं काहीच. रेचलबाई बघत राहिल्या, आणि तीन वर्षं जे कुणाला ठाऊक नव्हतं ते त्यांना तेवढ्यात समजलं. त्यांनी नवऱ्याच्या हातातला हात काढून घेतला. रागानं नाही. नुसता काढून घेतला आणि मांडीवर ठेवला.

पडद्यावर जाहिराती लागल्या नाहीत. मुलगी उभीच होती.

"मार्क द्या," रेचलबाई म्हणाल्या. "थांबलीय ती."

हिलेलांनी तोंड उघडलं. न ऐकलेल्या गाण्याला किती द्यायचे? दहा म्हटले तर ते चारइतकेच खोटे. ते तोंड उघडं ठेवून बसले. मिनिटं गेली. टेप शेवटाला आली, खट्कन थांबली, आपोआप सरसर मागे गेली, आणि यंत्रानं ती बाहेर ढकलली.

यंत्र रिकामं झालं. लाल दिवा विझला. पडद्यावर एला उभी होती, माइक खाली धरून, अंगाला कार्डिगन लपेटून घेत, त्यांच्याकडे बघत.