दुसऱ्याच्या डोळ्याला लावलेली दुर्बीण

छाया त्या संध्याकाळी शेतावर गेली ती दुर्बीण पुसून, बांधून ठेवायला. काम एवढंच होतं.

दुर्बीण रजतची, तिच्या नवऱ्याची. वर्ध्याच्या एका कॉलेजात तो प्रयोगशाळेत सहायक होता. सेलूहून बोर धरणाकडे जाणाऱ्या वाटेवर त्यांचं शेत होतं आणि तिथल्या विहिरीजवळच्या खोलीत त्यानं ती हौसेनं ठेवली होती. दिवाळीच्या तोंडावर नागपूर रोडवर त्याची मोटरसायकल ट्रकखाली गेली. तेव्हापासून त्या खोलीचं कुलूप निघालं नव्हतं. आता कॉलेजातलाच एक जण दुर्बीण न्यायला सकाळी येणार होता.

पौष महिना. दिवस मावळला की अंधार कसा झपकन अंगावर येतो. छायानं ती जाडजूड नळी लाकडी बैठकीसकट ओढत खळ्यावर आणली, धूळ झटकली, काच पुसली. चारी बाजूंनी हरभरा. लांब, पलीकडच्या धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, नत्थूजीचं मचाण. रजतच्या वडिलांच्या बरोबरीचा माणूस. रानडुकरांसाठी रोज अंधार पडताच जागलीला येऊन बसायचा. त्याच्या बिडीचा ठिपका तेवढा दिसत होता. बाकी काही नाही. वर मात्र आभाळ ताऱ्यांनी गच्च भरलेलं.

बांधायची दोरी हातात घेऊन ती उभी राहिली. मग तिनं दोरी खाली ठेवली.

आजवर तिनं एकटीनं कधी पाहिलं नव्हतं. रजत तारा लावायचा आणि हाक मारायचा, "छाया, ये लवकर, पळून जाईल तो." खरंच पळायचा. या दुर्बिणीला मोटर नव्हती. पृथ्वी फिरायची आणि तारा भिंगाच्या गोलातून सरकत सरकत बाहेर जायचा. सारखं नळीला बोटानं ढकलत राहावं लागायचं. ती चहा ओतेपर्यंत तारा गेलेला असायचा आणि रजत हसायचा.

देवयानीतला जोडतारा त्याच्या फार आवडीचा. साध्या डोळ्यांना एकच दिसतो. दुर्बिणीतून पाहिलं की दोन. एक केशरी, आणि त्याला बिलगून एक बारीकसा निळा. बऱ्याच खटपटीनं तो छायाला सापडला. भिंगाजवळचं चाक फिरवून तिनं नजर जुळवली. ते दोघं तसेच होते. एकमेकांना धरून.  ती बाजूला झाली, थर्मासमधला चहा घेतला आणि विहिरीच्या काठावर बसून सगळा संपवला.

परत डोळा लावला, तर जोडी अजून मधोमध.

आपलाच काहीतरी घोटाळा, असं तिला वाटलं. तिनं मुद्दाम डोक्याला रुमाल बांधायला वेळ घेतला, खोलीचं दार लोटून आली. पुन्हा पाहिलं. तारे जागचे हलले नव्हते, पण आता ते धुरकट दिसत होते, कापसाच्या दोन बोंडांसारखे. चाक कोणीतरी आतल्या बाजूला फिरवलं होतं.

छायाचा हात चाकावरच राहिला. रजतला जाड चष्मा. पाहताना तो चष्मा काढायचा आणि चाक आत घ्यायचा. मग तिची पाळी आली की तिला ते पुन्हा बाहेर आणावं लागायचं. त्यावरून किती वेळा ती कुरकुरली होती.

"अहो..." ती हळूच म्हणाली. "तुमीच आहे का?"

नळीजवळ नुसता अंधार. पण तिला भीती वाटली नाही, खरं सांगायचं तर बरंच वाटलं. एवढ्या दिवसांत घरात भांड्याचा आवाज झाला तरी तो तिनंच केलेला असायचा. "पाहा न," ती म्हणाली. "पाहा तुमी. मी थांबते." आणि ती दोन पावलं मागं सरली. अंधारात लाकडी बैठक किंचित करकरली, बोटानं नळी ढकलावी तशी.

थोड्या वेळानं तिनं डोळा लावला. पुन्हा धुरकट. तिनं सवयीनं चाक बाहेर घेतलं, तर तारे आणखीच फुगले. चाक या खेपेला बाहेर गेलेलं होतं. फार बाहेर. रजतचा डोळा तसा नव्हता.

ती वाकलेलीच राहिली. भिंगाभोवतालचं रबर तिच्या भुवईला कोमट लागत होतं आणि त्याला तंबाखू-चुन्याचा वास येत होता. रजतनं तंबाखूला कधी हात लावला नव्हता.

ती बाजूला झाली. करकर... पुन्हा पाहिलं. चाक वेगळ्याच जागी. रबराला आता खोबरेल तेलाचा वास. पुन्हा बाजूला. करकर... या वेळी नळीनं जोडी सोडली होती. शर्मिष्ठा आणि ययातीच्या मधला तो जुळा तारकागुच्छ समोर होता. शेकडो ठिणग्या, दाटीवाटीनं, आणि रबराला वास तान्ह्या लेकराच्या तोंडाला येतो तसा, दुधाचा...

"सूनबाई..."

आवाज धुऱ्यावरून आला. नत्थूजी उभा होता. हातात बॅटरी होती, पण त्यानं ती लावली नव्हती.

"इकडे ये, बाई. धावू नको. हळू ये... अन् मांगं पाहू नको."

"काऊन, मामाजी?"

"ये म्हणतो न."

ती गेली. हरभरा पायांना ओला लागत होता. पाठीमागं बैठक थांबून थांबून करकरत होती, घाई नसल्यासारखी. नत्थूजीनं तिला रस्त्यापर्यंत सोडलं, तिची स्कूटर सुरू होईपर्यंत तो खळ्याकडे पाठ करून उभा राहिला. 

सकाळी ती न्यायला येणाऱ्या माणसासोबतच शेतावर गेली. दुर्बीण जागेवर होती. नळीच्या तोंडावर झाकण नीट बसवलेलं होतं. त्या माणसानं ती गाडीत चढवली आणि तो निघून गेला.

नत्थूजी पुढे काही दिवस दिसला नाही. मग एका दुपारी स्वतःच तिच्या अंगणात येऊन बसला. तिनं चहा दिला. तो बशीत ओतून त्यानं तसाच निवू दिला.

"त्या दिवशी तुमाले काय दिसलं?" तिनं विचारलं.

"रांग," तो म्हणाला. "राशनच्या दुकानापुढे लागते न, तशी. तुया मांगून सुरू होत होती ते पार नाल्यापर्यंत. बाया, माणसं, लेकरं. चुपचाप. एकेक जन वाकून पाहे अन् अंधारात निंगून जाये."

"वळखीचे होते?"

"काई होते. काई लई जुने असन."

तिनं पदर बोटांना गुंडाळला. "हे होते?"

"होता. दुर्बिनीजवळच उभा होता. एकेकाले पुढे बोलावून राह्यलता." त्यानं बशी जरा फिरवली. "तुयाकडे त्यानं एकडावबी पाह्यलं नाई, बाई. कामात होता."

छायानं पदराची गुंडाळी सोडली. कोपऱ्यावरून शाळेतली पोरं गेली, त्यांचा गलका ओसरला.

"अजून काय?"

"रांगेत एका ठिकानी जागा सोडली होती. एका मानसाची. मांगचे पुढे सरकत, पन ते जागा कोनी भरे नाई."

"माझी जागा?"

नत्थूजीनं नजर खाली वळवली. बशीतल्या चहावर साय धरली होती.

"त्या जागेच्या मांगं कोन होतं, मामाजी?"

दुपारच्या उन्हातही त्यानं गळ्यातला तपकिरी मफलर सोडला नव्हता. त्याचं टोक त्यानं चिमटीत धरलं आणि पाहत राहिला.

"मीच होतो," तो म्हणाला. "मफलरबी हाच होता."