बारावं नाव

अल्लाउद्दीन मास्तरांच्या गाण्याची परीक्षा मधल्या सुट्टीत व्हायची. वर्गात पोरं गुरुजींच्या धाकानं काहीही म्हणतात, त्याला काही अर्थ नाही, असं त्यांचं ठाम मत. घंटा झाली, पोरं नळावर गेली आणि एकमेकांना ढकलता ढकलता आपसूक गाणं म्हणायला लागली, की ते गाणं पास. नाहीतर कागद टराटरा फाडायचा आणि पुन्हा डफ घेऊन बसायचं.

कोल्हापुरात, रंकाळ्याच्या बाजूच्या एका शाळेत मास्तर दुसरीला शिकवायचे. एवढ्याशा पोरांना इतिहास सांगायचा म्हणजे दिव्यच. आज सांगितलेला राजा उद्या सकाळी कुणाच्या लक्षात नसायचा. म्हणून मास्तरांनी इतिहास गाण्यात घातला. तरुणपणी ते कळंब्याच्या हंबीरराव शाहिरांच्या फडात डफ वाजवायचे, चाल बांधायचं त्यांना अंग होतं. बघता बघता त्यांची गाणी आणखी चार शाळांत गेली. चौऱ्याहत्तर सालच्या दिवाळीनंतर एका वरच्या साहेबांनी निरोप धाडला, की जानेवारीच्या संमेलनात नवीन गाणं बसवा, आवडलं तर पुस्तक काढू. मास्तरांचे पाय जमिनीला लागेनासे झाले.

नवीन गाणं पाथरगढीचं होतं. मलकापूरच्या पलीकडं, रानात, पंचवीस-तीस उंबऱ्यांचं हे गाव. कोणे एके काळी गढीला वेढा पडला, तेव्हा बायकापोरांना चोरवाटेनं बाहेर काढून काही जण मागं राहिले आणि त्यांनी दगड-चुन्यानं दार आतून चिणून घेतलं, अशी तिथली हकिकत. गढीला दिवा लावणाऱ्या आक्कांच्या घरी एक जुनी वही होती, तिच्यात मागं राहिलेल्यांची नावं होती. दिवाळीच्या सुट्टीत मास्तरांनी तिथं जाऊन ती बोट ठेवून मोजली आणि आपल्या वहीत उतरवून घेतली. अकरा नावं.

गाणं मोजणीचं करायचं होतं, म्हणजे इतिहासाबरोबर आकडेही शिकून होतात. पण अकरा नावांनी चाल लंगडी पडायची. शेवटची ओळ रिकामी राहायची, आणि रिकाम्या ओळीशी पोरं हटकून अडतात. बारावं नाव मिळेना.

"अब्बा, माझं घाला की!"

बिबीजान दारात बसून ऐकत होती. सात वर्षांची, पहिलीत जाणारी. लग्नानंतर नऊ वर्षांनी झालेली एकुलती एक लेक, त्यामुळं मास्तरांचा जीव तिच्यात अडकलेला. बाप चाल म्हणायला लागला, की ही आपल्या पत्र्याच्या पेटीवर प्रत्येक ओळीनंतर तीन टिचक्या मारायची. टक, टक, टक.

मास्तर हसले. हंबीरराव शाहिरांचा दंडक त्यांना आठवला, नाही असं नाही. म्हातारा म्हणायचा, "मधल्या कडव्यात मेलेल्यांचीच नावं घालायची. जित्यानं शेवटच्या ओळीत, दाराशी बसावं." म्हणून तर शाहीर स्वतःचं नाव शेवटी घालतो. पण लेकीनं हट्ट धरला होता, आणि नाव असं चपखल बसलं की मास्तरांना ते काढवेना. पोरांचं तर गाणं, असं म्हणून त्यांनी लिहून टाकलं.

अकरावा तो मौला, नगारा त्याच्या हाती,
बारावी बिबीजान, लावी दिवावाती.
दार चिणलं आतून, बाहेर कोण आलं?
गढीच्या पोटामधी बारांचं घर झालं.

दुसऱ्याच दिवशी नळावर दंगा उसळला. पोरं गोल करून बोटं मोजत होती. बाराव्या नावाला सगळी मिळून ओरडत होती, आणि मधे बिबीजान ताठ मानेनं उभी होती. मास्तरांनी इतकं पटकन उतरलेलं गाणं आजवर पाहिलं नव्हतं.

आठवड्यानं सुलतानबी लेकीची वेणी घालता घालता थांबली. "हिच्या डोक्याला कसला वास येतोय बघा की. घर रंगवल्यावानी."

मास्तरांनी हुंगून बघितलं. कळीच्या चुन्याचा वास होता, ओला आणि थंड. न्हाऊ घातलं तरी तो जाईना. पुढं बिबीच्या उजव्या हाताच्या बोटांना काजळी दिसायला लागली. घरात वीज होती, कंदील माळ्यावर पडलेला. विचारलं तर पोरगी म्हणाली, "वात सरकवताना लागतंय." कुठली वात, ते तिला सांगता येईना. ती रडकुंडीला आली, तेव्हा मास्तरांनी विषय सोडला.

मग बयाबाईंनी तिची हजेरी घेतली नाही. बयाबाई म्हणजे पहिलीच्या बाई, एका नावाची चूक न करणाऱ्या. मास्तरांनी विचारलं तसा त्यांनी हजेरीपट पुढं केला. "माझ्याकडं बिबीजान न्हाय मास्तर. तुमच्या गाण्यात हाय ती." मास्तरांनी तो पट तीनदा वरपासून खालपर्यंत वाचला. नाव खोडलेलं नव्हतं, जागाही सुटलेली नव्हती. आणि बिबी तर समोरच, तिसऱ्या रांगेत, पेटी मांडीवर घेऊन बसली होती. तिच्याशी कुणी बोलत नव्हतं.

त्यांनी तिचा हात धरला आणि तडक घरी आणलं. रस्ताभर गल्लीतली पोरं तेच गाणं म्हणत होती. बिबीचा हात दगडासारखा गार लागत होता.

दोन दिवस मास्तरांनी तिला नजरेआड होऊ दिलं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी ते पाणी भरायला उठले, बादली ठेवून वळले, तर अंथरुणावर कुणी नव्हतं. तीन वाकळांच्या जागी दोनच अंथरलेल्या होत्या.

"बिबी कुठं गेली?"

सुलतानबी भाकरी थापत होती. "कोण बिबी?"

"आपली बिबी. बिबीजान!"

"ती गाण्यातली व्हय?" सुलतानबी हसली, आणि नवऱ्याचं तोंड बघून तिचं हसू मावळलं. पिठाचे हात तसेच धरून ती जवळ आली. "असं काय करताय? आपल्याला लेकरू झालंच न्हाय. अल्लाची मर्जी. आज सोळा वर्सं झाली की आपण दोघंच हाय."

मास्तरांनी ट्रंक उपसली. फ्रॉक नाही, रिबिनी नाहीत, पत्र्याची पेटी नाही. ते भिंतीला टेकून खाली बसले आणि लहान पोरासारखे रडले. बायको शेजारी बसून त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. तिला कशाचं दुःख नव्हतं, याचं त्यांना जास्त दुःख झालं.

दुपारी त्यांनी वही काढली, पाथरगढीची नावं उतरवलेली. अकरा नावं होती तिथं आता बारा होती. बारावं त्यांच्याच अक्षरात, त्याच शाईनं.

मलकापूरची एसटी धरून, पुढं पाच मैल चालत ते पाथरगढीला गेले. आक्का अंगणात भात पाखडत होत्या. त्यांनी काही न विचारता वही आणून दिली. बांधणी कुजलेली, पानं पिवळी. शेवटच्या ओळीवर शाई इतकी उडालेली, की पान उन्हात धरावं लागलं. बिबीजान.

"आक्का, मी दिवाळीत बघितलं तवा अकरा नावं होती. तुमच्यासमोर मोजली."

"बाराच हायती, गुरुजी. माझी सासू बारा निवद काढायची, तिची सासूबी बाराच. बारावा जरा गोड करतोय आम्ही, पोर हाय म्हणून." त्या पुन्हा पाखडायला लागल्या. थोड्या वेळानं म्हणाल्या, "तिचा दिवा लई तेल पितोय. उंबऱ्याशी ठिवलं, की आत वडून घेतल्यागत संपतंय."

गढीचं दार चढणीवर होतं. चिणलेल्या दगडांतून पिंपळाची मुळं बाहेर आलेली. उन्हाचा चटका होता, तरी भिंतीला हात लावला तर गार. मास्तरांनी कान टेकला. चुन्याचा तोच वास आला, बिबीच्या वेणीतला.

त्यांनी हलक्या आवाजात पहिली ओळ म्हटली.

आतून, खूप खोलातून, टक, टक, टक.

"बिबी!" मास्तर ओरडले. दगड नखांनी उकरायला लागले. बोटं फुटली, दगड हलला नाही. आक्कांनी दोघा गड्यांना हाक मारून त्यांना ओढून खाली आणलं, तेव्हा त्यांच्या सदऱ्याला रक्त आणि चुना लागलेला होता.

कोल्हापुरात आल्यावर त्यांनी गाणं मारायचा प्रयत्न केला. वर्गात बंदी घातली. एका पोराच्या मुस्काटात मारली, जन्मात कधी न मारलेली. हेडमास्तर गणपतरावांनी बोलावून घेतलं. "मास्तर, साहेब खूश हायत गाण्यावर, आणि तुम्हीच आता नको म्हणताय? रजा घ्या चार दिवस." मग मास्तरांनी ओळ बदलली, कधीच्या मेलेल्या बायकांची नावं घालून बघितली. बारावी चिमणाबाई केली, बारावी तानाबाई केली. पोरं वर्गात तसं म्हणायची आणि नळावर गेली की पुन्हा बिबीजान. पोरांच्या जिभेवर चढलेलं उतरवणं सोपं नसतं, हे मास्तरांइतकं कुणाला ठाऊक होतं? आयुष्यभर त्यांनी तेवढंच तर केलं होतं.

मेलेल्यांची कुठलीही नावं चालेनात. मग एकच नाव राहिलं.

रजेच्या चौथ्या दिवशी मास्तर डफ घेऊन रंकाळ्याच्या कठड्यावर बसले. उजाडल्यापासून शाळा भरेपर्यंत बसले. पहिल्या गाण्यापेक्षा हे चांगलं व्हायला हवं होतं, पोरांना दुसरं सुचूच नये इतकं चांगलं. त्यांनी चाल दोन सूर वर चढवली. बाराव्या नावाला सगळ्यांनी खाली बसायचं आणि टाळी देऊन उडी मारायची, असा खेळ घातला. आपण काय करतोय, ते त्यांना पुरतं कळत होतं. ती ओळ त्यांनी दोनदा लिहिली. मग उठून धोतराला हात पुसले आणि शाळेची वाट धरली.

बारावा अल्लाउद्दीन, डफ त्याचा साथी.

वर्गात पोरं खुदुखुदु हसली. गुरुजींचं नाव! मास्तरही हसले. डोळ्यांतून पाणी येत होतं, ते पोरांना घाम वाटलं.

मधल्या सुट्टीची घंटा झाली.

मास्तर खिडकीशी उभे राहिले. गजांना धरून.

पोरं नळावर गेली. पाणी उडवलं. भांडली. कुणीतरी सुरुवात केली. नऊ. दहा. अकरावा तो मौला.

सगळी खाली बसली.

आणि टाळी देऊन उडाली.

मास्तरांनी डोळे मिटून घेतले. गाणं पास झालं होतं.

शाळा सुटल्यावर फाटकात गुंडू शिपाई भेटला. रोज हात वर करून राम राम घालणारा गुंडू नुसता बघत राहिला. मास्तर थांबले नाहीत. गल्लीच्या तोंडाशी त्यांची पावलं भरभर पडायला लागली.

उंबऱ्यावर बिबीजान बसली होती. दोन वेण्या, लाल रिबिनी, मांडीवर पत्र्याची पेटी. बोटं स्वच्छ. त्यांनी तिच्याकडं दोन्ही हात पसरले.

पोरगी जरा मागं सरकली. मग आत तोंड करून ओरडली, "अम्मी, कोण पावणं आल्यात बघ की!"

सुलतानबी बाहेर आली. अनोळखी माणूस बघून तिनं डोक्यावर पदर घेतला. "कुणाकडं आलाय, पावणं?"

"तहान लागलीती," मास्तर म्हणाले. "पाणी मिळंल का?"

ती आत गेली. मास्तर पायरीवर, दाराशी बसले. बिबी त्यांच्याकडं टकामका बघत होती, घाबरलेली नव्हती. ती पेटीवर टिचक्या मारायला लागली.

"काय शिकवलं आज शाळेत?"

"पाथरगढीचं गाणं. म्हणू?" आणि तिनं म्हटलं. बारा बोटं नसल्यामुळं दहानंतर तिनं मास्तरांची दोन बोटं धरून मोजली. तिचा हात ऊबदार होता.

"बारावा अल्लाउद्दीन," मास्तर म्हणाले. "कोण गं हा?"

"लई वर्सांमागं मेलाय तो. आमच्या इतिहासात हाय."

सुलतानबीनं तांब्या दिला. मास्तरांनी पाणी संपवलं, तांब्या परत केला आणि लेकीच्या डोक्यावर क्षणभर हात ठेवून ते गल्ली उतरून गेले.

"अम्मी," बिबीजान म्हणाली, "पावण्यांच्या हाताला काय लागलं हुतं?"

सुलतानबीनं तांब्या उजेडात धरला. त्याच्यावर पाच बोटं उमटली होती, ओल्या चुन्याची. तिनं राखेनं घासला, चिंचेनं घासला. पुढं कितीतरी दिवस ती तो तांब्या घासत होती.