करंगळीचा स्वर

कस्तुरी त्या दुकानात शिरली तेव्हा तिला बाबांचं मॅन्डोलिन विकून टाकायचं होतं. म्हणजे अगदी त्याच दुकानात असं काही नव्हे. मल्लेश्वरमच्या आठव्या क्रॉसला रिक्षा बंद पडली, ऑक्टोबरातला पाऊस न बोलावलेल्या पाहुण्यासारखा येऊन बसला आणि समोरच्या काचेत चार व्हायोलिनं टांगलेली दिसली, इतकंच.

"पाणी आत गेलं नसलं म्हणजे मिळवली," मॅन्डोलिनची पेटी ओढणीखाली धरत ती स्वतःशीच पुटपुटली, आणि काउंटरमागच्या माणसाने मान वर केली.

"मराठी का? आम्ही पण. बसा की स्वल्प, पुसायला देतो."

त्याचं नाव गिरीराज. वाद्यं दुरुस्त करायचा. त्याचे पूर्वज साडेतीनशे वर्षांपूर्वी कुठल्याशा फौजेबरोबर इकडे आलेले. दसरा झाला की परत जाऊ म्हणत होते, राहून गेलं, असं त्याने टॉवेल देता देता गंभीर चेहऱ्याने सांगितलं. कस्तुरीला हसू आलं. मे महिन्यापासून ती हसली नव्हती, आणि हे तिच्या लक्षात आलं तेव्हा तिला जरा अपराधी वाटलं.

मग ऑफिसात कुणालाही न सांगितलेलं तिने या अनोळखी माणसाला सांगून टाकलं. बाबा नागपूरला ऑर्केस्ट्रात वाजवायचे. अर्धांगवायूने दोन वर्षं अंथरुणावर होते, सगळं तिने एकटीने केलं, आणि मे महिन्यात ते गेले. आता कोरमंगलाच्या पीजीत हे वाद्य कपाटावर बसून तिच्याकडे बघत असतं. ते तिला नको होतं.

गिरीराजने पेटी उघडली. त्याने गंजलेल्या आठ तारा काढल्या, नव्या चढवल्या, दोन-दोनच्या चार जोड्या सुरात आणल्या, आणि वाजवायला लागला. स्वर एकमेकांच्या पाठी धावत सुटले. थांबतील असं वाटेस्तोवर पुन्हा पहिल्यापासून निघाले. कस्तुरीचा ओला पाय आपोआप ताल धरू लागला.

"हे... काय आहे?"

"रील. मोबाइलमधली नव्हे. आयर्लंडात हिच्यावर नाचतात."

मॅन्डोलिन विकलं गेलं नाही, हे सांगायला नकोच.

दर रविवारी सकाळी शिकवणी सुरू झाली. गिरीराजला या गती, म्हणजे नाचाच्या धुना, शाळेतल्या एका म्हाताऱ्या आयरिश फादरांनी शिकवल्या होत्या. फादरांना त्यांच्या काकांनी. कुणीच कागदावर काही लिहिलं नव्हतं. नियम एकच — समोरचा वाजवतो ते ऐकायचं आणि जसंच्या तसं उचलायचं, आपली अक्कल मध्ये घालायची नाही. गतीचे दोन भाग. प्रत्येक भाग दोनदा. कागदावर उतरवलं की बोटं ऐकायची थांबतात, असं तो म्हणायचा. तिचं मनगट ताठ झालं तर तो पेन्सिलीच्या बोथट टोकाने ते खाली दाबायचा. हाताने कधीच नाही. त्या पेन्सिलीचा कस्तुरीला हळूहळू राग यायला लागला, आणि राग का येतो हे कळायला तिला फार दिवस लागले नाहीत.

मागच्या घरातून त्याची आई, कौशल्याबाई, फिल्टर कॉफी घेऊन यायच्या आणि जरुरीपेक्षा जास्त वेळ दारात रेंगाळायच्या. गिऱ्हाइकं गिरीराजला अण्णा म्हणत. एकदा त्यानेच विचारलं, तू मला काहीच का म्हणत नाहीस?

"अण्णा तर नाहीच म्हणणार," कस्तुरी तारांकडे बघत म्हणाली.

"का?"

"अण्णा म्हणजे थोरला भाऊ ना..."

त्याने आपल्या वाद्याची एक तार उगाचच पुन्हा सुरात लावली. मग म्हणाला, "सरी, बरं. मग काय म्हणशील?"

"बघू. सुचलं की सांगेन."

त्या दिवशी त्याने पेन्सिल कानामागे खोचून ठेवली आणि तिचं मनगट ताठ राहिलं तरी काढली नाही.

जानेवारीत त्याने तिला फादरांच्या काकांची गत शिकवायला घेतली. तिचं नाव मधल्या पिढ्यांत कुठेतरी हरवलेलं. दुसऱ्या भागात ती वर वर चढत जायची, आणि अगदी शिखरावर, जिथे कान एका स्वराची वाट बघत असायचा, तिथे गिरीराज तो स्वर घ्यायचाच नाही. एक इवलीशी रिकामी जागा सोडायचा आणि खाली उतरायचा. तेवढ्याशा पोकळीत कस्तुरीचा ताल धरलेला पाय दरवेळी अधांतरी राहायचा. ती जागा नेमकी तितकीच रिकामी ठेवायला तिला तीन रविवार लागले.

"सगळ्या गतीत मला तीच जागा फार आवडते," तिने सांगितलं.

गिरीराजने फडकं उचललं आणि आधीच स्वच्छ असलेला काउंटर पुसायला घेतला. लाजला असेल, असं कस्तुरीला वाटलं. प्रेमात पडलेल्या माणसाला समोरच्याची प्रत्येक गोष्ट आपल्याबद्दलच वाटते. तिला तरी काय दोष द्यायचा.

मार्चमधल्या एका रविवारी कोरमंगलाच्या एका कॅफेत अशा गती वाजवणारी मंडळी जमली, गिरीराजही आला होता. गोल करून बसायचं, एकाने गत सुरू करायची, येईल त्याने सामील व्हायचं, असा तो प्रकार. कस्तुरीने फादरांच्या काकांची गत सुरू केली. पहिला भाग झाला, दुसरा चढला, शिखर आलं. तिने ती जागा अगदी जिवापाड सांभाळून रिकामी सोडली — आणि नेमक्या तिथेच शेजारून व्हायोलिनचा एक उंच, स्वच्छ स्वर आला.

व्हायोलिन ध्रुवचं. तीन वर्षांपूर्वी तोही गिरीराजकडेच शिकलेला. गत संपल्यावर त्याने सहज विचारलं, "तू वरचा स्वर का गाळतेस?"

"गाळत नाहीये, असंच आहे ते. मला जसं शिकवलं तसं वाजवते." आवाजात थोडी ऐट होती.

"मला पण त्यांनीच शिकवलंय. तिथे करंगळी टाकायची, म्हणून महिनाभर पिडलं होतं मला." ध्रुव हसून गिरीराजकडे वळला. "हो ना, अण्णा?"

गिरीराज कस्तुरीच्या डाव्या हाताकडे बघत होता. त्याने आपला डावा हात हळूच शर्टाच्या खिशाशी नेला, तो आत जाईना, तेव्हा उजव्या हाताने धरून मांडीवर ठेवला. तेव्हा कस्तुरीला आठवलं की डिसेंबरापासून कॉफीचा पेला तो उजव्या हाताने घेतो. बाटलीचं झाकण उघडायला आईला देतो. दोन वर्षं जिने एका आजारी शरीराची खडान्खडा माहिती ठेवली, तिला हे दिसलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ऑफिस बुडवून ती मल्लेश्वरमला गेली. त्याने काहीही लपवलं नाही. हाताला हुकूम देणाऱ्या नसाच मरत चालल्या होत्या. करंगळीपासून सुरुवात झाली. मग उरलेला हात, मग दुसरा, मग पाय, मग बोलणं. औषध असं नाही. डॉक्टर तीन वर्षं म्हणाले, फार तर पाच. डिसेंबरातच कळलं होतं.

"मग मला चुकीची गत का शिकवलीत?"

"आधी सांगणार होतो. की तिथे एक स्वर आहे, माझ्याच्यानं होत नाही, असं..." त्याने काउंटरवरचं फडकं उचललं. "आणि तू म्हणालीस, तीच जागा आवडते. माझ्या हातातनं जे गेलं, ते कुणाला तरी सुंदर वाटलं. मग तोंडच उघडेना. काल तुझ्या धडधाकट हातात माझा आजार बघितला, कस्तुरी. जसाच्या तसा उचललास."

तिला रडू येत होतं. त्याने तिला रडू दिलं नाही. म्हणाला, पुढचं ध्रुवकडे शीक, स्वर त्याच्याकडे शाबूत आहे. एका माणसाचं दोन वर्षं केलंस. पुन्हा तेच तुझ्या वाट्याला यावं म्हणून मी तुला इथे बसवून घेणार नाही. आणि एवढं बोलून तो आतल्या घरात निघून गेला. कौशल्याबाई कॉफी घेऊन दारात उभ्या होत्या. त्या दिवशी कॉफी तशीच गार झाली.

कस्तुरी नंतरच्या रविवारी गेली नाही. तिला भीती वाटली, आणि ही भीती पुस्तकी नव्हती. रबरी चादर, पाठीला होणाऱ्या जखमा, भरवताना लागणारा ठसका, हे सगळं तिच्या हातांना पाठ होतं. प्रेम असलं की सगळं निभतं असं ज्यांनी म्हटलं असेल त्यांनी कुणाची कूस रोज बदललेली नसावी. ती खोलीत बसून ती गत वाजवायची. ध्रुवने दाखवल्याप्रमाणे करंगळी टाकायची. स्वर बिनचूक यायचा. तो आला की तिला गिरीराज गेल्यासारखा वाटायचा, आणि नाही घेतला की त्याचा आजार आपल्या हातात जपल्यासारखा. तेरा दिवस तिने हेच केलं.

पुढच्या रविवारी सकाळी ती दुकानात गेली तेव्हा गिरीराज एका हाताने व्हायोलिन पुसत होता.

"ध्रुवकडे नाही गेलीस?"

"गेले होते. स्वर मिळाला." तिने पेटी काउंटरवर ठेवली. "मी फार घाबरलेली आहे. तेरा दिवस घाबरून घरी बसले. आत्ताही भीती आहेच. ती जाईल असं काही वाटत नाही."

"मग घरी जा."

"घरी राहून भीती कमी झाली असती तर राहिले असते." तिने मॅन्डोलिन आणि तारा छेडायची छोटी पट्टी बाहेर काढली. "उजवा हात आहे ना अजून?"

त्याने आपल्या उजव्या हाताकडे बघितलं. "आहे. पावसाळ्यापर्यंत राहील म्हणतात."

"मग ही पट्टी धरा."

त्याने ती चिमटीत घेतली. तिने स्टूल ओढलं, त्याच्या डाव्या बाजूला अगदी चिकटून ठेवलं आणि बसली. मॅन्डोलिन त्याच्या मांडीवर ठेवलं. त्या वाद्याची मान आखूड. दोघांनी मिळून वाजवायचं तर खांद्याला खांदा लावल्याशिवाय जमत नाही. त्याचा निजलेला डावा हात तिने उचलून आपल्या गुडघ्यावर ठेवला, आणि आपली डावी बोटं तारांवर ठेवली.

"अहो," ती म्हणाली, "वाजवा ना."

नागपूरकडची बाई कुणाला नुसतं 'अहो' म्हणते, हे साडेतीनशे वर्षं इथे राहूनही त्याच्या घरात कुणी विसरलं नव्हतं. गिरीराजने मान वळवून तिच्याकडे बघितलं.

"हे सुचलं का तुला?"

"हो. तेरा दिवस लागले."

"कस्तुरी... तुला पश्चात्ताप होईल."

"कधीतरी होईलही. तेव्हा तुमच्याशी भांडेन."

मग त्याने पट्टी तारेला लावली. पहिला भाग अगदीच भिकार झाला. त्याची पट्टी आधी पडायची, तिचं बोट मागाहून यायचं. दुसऱ्या खेपेला जरा जमलं. कौशल्याबाई दारात आल्या, त्यांनी बघितलं, आणि पदर तोंडाला लावून आल्या पावली परत गेल्या. दुसरा भाग वर चढू लागला. शिखर आलं तशी कस्तुरीने करंगळी टाकली, आणि त्याच क्षणी त्याने तार छेडली.

तो स्वर वाजला. गिरीराजचा हात थांबला. तो रडत होता आणि डोळे पुसायला त्याच्याकडे जो एक हात होता त्यात पट्टी होती, म्हणून तिने आपल्या ओढणीने ते पुसले.

"थांबू या का?" तिने विचारलं.

"नाही," तो म्हणाला. "प्रत्येक भाग दोनदा."

त्यांनी दुसरा भाग पुन्हा सुरू केला. तेव्हा पावसाळ्याला अडीच महिने होते.