दरडीचं जेवण

दरडीखाली गेलेल्यांना वर्षातून एकदा जेवायला बोलवायचं, ही डोंगराच्या पायथ्याच्या त्या वाडीची रीत. भाताची पानं डोंगराकडे तोंड करून मांडायची आणि म्हाताऱ्या कुसाबाईनं एकेकाला नावानं हाक मारायची. त्या हाकेत जिवंत माणसाचं नाव कधी यायचं नाही.

डोंगर दोनदा खाली आला होता. दुसऱ्या खेपेला मैनाचा नवरा पुंजा त्याखाली गेला. दोन्ही वेळा साहेब आले, फोटो काढून गेले. पत्र्याच्या शेड तेवढ्या मिळाल्या, त्याही जुन्या ओहोळाच्या वाटेवर, कारण सपाट जागा तेवढीच. पक्की घरं म्हणे येताहेत. येऊ देत बापडी! वाट बघून कंटाळलेल्या शेखरनं, मैनाच्या लेकानं, वर बापाच्या जागेवर दोन खोल्या बांधल्या. त्याची बायको सायली बाळंतपणाला सटाण्याला गेली होती.

यंदा पुंजाचं नाव घेऊन झालं आणि कुसाबाई थांबली. मग तिनं हाक मारली, "शेखरा... घरी ये, जेवाया..."

मैना पुढे झाली. "आत्या, माझा पोरगा जित्ता हाय!"

"मला काय ठावं नाय व्हय?" म्हातारी पुटपुटली. "पुंजाच म्हनतोय... पोराला घरी बोलव. लय घाई करतोय..."

"आलो, आलो!" शेखर हसत ओरडला. हुबेहूब बापाचा आवाज.

बाकीची वाडी जेवायला देवळात गेली. मैनानं मात्र लेकाला हाताला धरून आपल्या शेडमध्ये आणलं.

"आजची रात हितंच नीज. वर जायचं नाय."

"आये, हितं गळतंय. माझं अंथरूण वर हाय."

"मी आनते."

बाहेर पडताना तिनं शेडला बाहेरून कडी घातली. पोरगा ऐकायचा नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. भर पावसात चढण चढताना ती मेलेल्या नवऱ्याला शिव्या घालत होती. जन्मभर सुखाचा घास दिला नाहीस, आता पोरगाही पाहिजे?

दिवेलागण झाली होती. तिनं शेखरच्या वरच्या घराचं दार ढकललं. आत ओल्या मातीचा वास होता, आणि गरम भाताचा.

जमिनीवर दोन पानं वाढलेली होती. एका पानावर निम्मा भात उरला होता आणि कडेला चिखलाची बोटं उमटली होती. दुसऱ्या पानापुढे पाट मांडलेला, तांब्या भरलेला. त्या भाताला अजून कुणी हात लावला नव्हता. वाफ निघत होती.

"कोन... कोन हाय?"

तेवढ्यात डोंगर गरजला. मैना दाराकडे धावली. चिखल आणि धोंडे घराला वळसा घालून ओहोळात उतरले आणि तसेच खाली गेले. घराचा पत्रासुद्धा वाजला नाही. खाली देवळाचा दिवा दिसत होता. शेडच्या जागी मात्र काही नव्हतं.

पुंजा पोराला न्यायला आला नव्हता. वाचवायला इथं, वरच्या घरी बोलावत होता. हे तिला आता कळलं, आणि कडी घालणारा स्वतःचा हात तिला बघवेना.

मागून, पानांपाशी बसल्यासारखा, हळू आवाज आला.

"कडी कोनी लावली?"

तो आवाज बापाचा होता की लेकाचा, हे मैनाला अजून कळलेलं नाही.