गिअरपेटीतलं तेल

ताडपत्री शिवायची सुई बोटाएवढी लांब असते. ती टोचली की माणूस आधी गप्प बसतो, मग ओरडतो.

वडिलांनी सकाळी चहात मीठ घातलं. चूक कबूल करायला नको म्हणून कप रिकामा केला आणि वर म्हणाले, "फक्कड झालाय."

पाणबुड्याला सर्दी झाली की त्या दिवशी सुट्टी.

समुद्रातून वर काढलेलं लोखंड खरं गंजायला लागतं ते कोरड्यावर आल्यानंतर.

डॉक्टर म्हणाले, वडिलांना थंडी संपेपर्यंत दिसेल. पुढचं सांगता येत नाही.

जिथे मऊ पितळेची पिन बसवायची, तिथे कुणीतरी लोखंडी खिळा ठोकला.

कुणीतरी म्हणजे तिनेच.

होडीच्या मागे टांगायच्या त्या जुन्या इंजिनात पंख्याच्या दांड्याला एक पिन असते. पंखा खडकावर आपटला की पिन तुटायची आणि आतले गिअर वाचायचे, अशी ती व्यवस्था. पण पिन सारखी तुटते म्हणून तिने, ताडपत्र्या शिवणारीने, कच्चा टाका कधीच न खपणाऱ्या बाईने, तिथे खिळा घातला. पुढच्याच फेरीला होडी खडकाला लागली. खिळा शाबूत राहिला. गिअरचे दात पडले.

"पडायचेच," वडील म्हणाले. "माझे कुठे राहिलेत?"

रागावले असते तर बरं झालं असतं. कारण त्यांना फक्त एकच हवं होतं... दिसतंय तोवर एकदा स्वतःच्या हाताने होडी खडकांमधून खुल्या समुद्रात न्यायची. आणि त्या इंजिनाचे गिअर आता कुणी बनवत नव्हतं.

भंगारवाला तर हसतच सुटला. "वीस वर्षांत या इंजिनाचं नाव कुणी काढलं नाही, आणि आज एका सकाळी दोन गिऱ्हाइकं! ते बघा दुसरं. शिंकतंय."

पत्र्यांच्या ढिगाआड एक उंच माणूस रुमालात नाक खुपसून उभा होता. डोळे तेवढे दिसत होते. लालभडक, आणि तरीही... बघण्यासारखे.

"तुमच्याकडे आहे हे इंजिन?" तिने विचारलं.

"अर्धं. खालचा भाग ठणठणीत आहे. वरचा जाम. पिस्टन शोधतोय."

"माझं वरचं चालतं. गिअर गेलेत."

मग दोघं एकदमच म्हणाले, "विकता?"

"नाही."

"मीपण नाही."

"मग इंजिनांचं लग्न लावा," भंगारवाला म्हणाला, "आणि मला मोकळं करा!"

दुसऱ्या दिवशी तो तिच्या दुकानात आला. पिस्टनचं माप घ्यायला, असं म्हणाला. ताडपत्रीच्या गुंडाळीवर बसला. माप पाच मिनिटांत घेऊन झालं. उठायला संध्याकाळ झाली.

"तो खिळा कुणी घातला?"

"तुम्हाला काय करायचंय?"

"नाही, म्हणजे... त्या माणसापासून जरा जपून असावं म्हणतो."

"असा की. दार तिकडे आहे."

तो हसला. उठला मात्र नाही. नंतर रोजच येऊ लागला. माप चुकलं म्हणे. पेन्सिल राहिली म्हणे. एके दिवशी नुसताच आला, कारण सांगायला विसरला.

"सारखं पिस्टन, पिस्टन," ती म्हणाली. "होडी तरी आहे का तुमच्याकडे?"

"नाही राहिली." तो गुंडाळीवरचा धागा बोटाला गुंडाळत राहिला. "धाकटा भाऊ होता तीत. मी पाणबुड्या ना... मीच खाली शोधायला उतरलो. इंजिन सापडलं."

"आणि—"

"इंजिनच सापडलं. ते एकदा परत सुरू झालेलं ऐकायचंय. बाकी काही नाही."

सुई ताडपत्रीतच अडकून राहिली.

त्यानंतर तिने गिअरचा विषय काढला नाही. वडिलांना सांगितलं, मिळत नाहीत. वडील "बरं" म्हणाले. आणि ती बाजारात गेली तेव्हा त्यांनी पाणबुड्याला समोर बसवून आपल्या डोळ्यांची गोष्ट सांगून टाकली.

एका दुपारी तो खांद्यावर घोंगडीत गुंडाळलेलं काहीतरी घेऊन आला. तिच्या कापायच्या टेबलावर ठेवलं. इंजिनाचा खालचा भाग.

"पटकन घ्या. नाहीतर माझा विचार बदलेल."

"मी मागितला नव्हता."

"म्हणूनच."

त्याने गिअरपेटीच्या स्क्रूला पेचकस लावला. फिरवेना.

"शेवटचं तेल भावानेच भरलं होतं," तो हळूच म्हणाला. "आत पाणी शिरलं असेल तर दुधासारखं पांढरं निघेल."

तिने त्याच्या हातावर हात ठेवला. स्क्रू दोघांनी फिरवला.

तेल आलं ते संथ, मधासारखं. एक थेंब पाणी नाही. भावाने पेटी इतकी नीट बंद केली होती, की समुद्रालाही आत जाता आलं नव्हतं. दोघं वाडग्यात बघत राहिले.

"जुनं टाकून द्यायचं असतं," तो म्हणाला. "नवीन आणलंय मी." पण हात पुढे झाला नाही.

तिने तेल दोन बोटांत चोळून पाहिलं. कचकच नव्हती.

"चांगलं आहे की. तेच घाल."

त्याने मान वळवली. बराच वेळ वळवलेलीच ठेवली.

"सर्दी आहे," तो म्हणाला.

"माहितीये," ती म्हणाली, आणि गाळायला स्वच्छ फडकं फाडलं.

वरचं तिचं, खालचं त्याचं. दोन्ही जोडून झाल्यावर त्याने पितळेची पिन बसवली.

"तुटली तर?"

"तुटू दे. खिशात चार आहेत."

"आणि तू कुठे असशील?"

"होडीत... जागा असली तर."

"आहे," ती म्हणाली. इतक्या घाईने, की तिचेच कान गरम झाले.

होडीत वडिलांनी तिसऱ्यांदा दोरी ओढली आणि इंजिन खोकलं, थरथरलं, एका लयीत बोलू लागलं. पाणबुड्याने डोळे मिटून घेतले. मिटलेल्या डोळ्यांनी ऐकत राहिला. ती नुसती जवळ सरकली.

"माझ्याकडे तोंडं करून काय बसलात?" वडील मागून ओरडले. "एकमेकांकडे बघा! पुढचं मी बघतो."

डावीकडून खडक गेले. उजवीकडून गेले. पुढे नुसतं पाणी.

"पिस्टन शोधणं सोडलं मी," तो म्हणाला.

"मग आता रोज यायला कारण काय सांगशील?"

"तूच सुचव ना."

"मी कशाला? आयुष्यभर पुरेल असं काहीतरी शोध."

"सापडलंय," तो म्हणाला, आणि तिचा सुईने खरखरीत झालेला हात हातात घेतला. तिने तो सोडवला नाही.

त्या दिवशी वडिलांना खडक दिसतच नव्हते. होडी त्यांनी हाताच्या सवयीवर काढली होती. हे त्यांनी सांगितलं, पण लग्न झाल्यावर.