गरज उरली नाही

“जिवंत आहे हे सांगायला तीन जिने चढायचे! चढता चढता मेले, तर ते कुठल्या खिडकीवर सांगू?”

रांगेतल्या आजी पुटपुटल्या, तशी खिडकीमागे बसलेल्या कारकून बाईला फिसकन हसू आलं... आणि लगेच विरलं. आज हसायची सोय नव्हती.

निराधार वृद्धांच्या मदतयोजनेचा आढावा घ्यायला आलेला पाहणीवाला महिनाभर तिच्या शेजारच्या टेबलावर बसत होता. रोज चारला तिच्याच थर्मासमधला चहा प्यायचा. गेले दोन दिवस मात्र फिरकला नव्हता. आज आला, तो कागदांचा गठ्ठा छातीशी धरून.

“दोन दिवस चहा वाया गेला,” ती नजर न उचलता म्हणाली. “म्हटलं, गरज उरली नसेल.”

“आलो नाही म्हणजे गरज उरली नाही — असं असतं होय?”

तिचा हात शिक्क्यावरच थिजला.

फॉर्मवर हेच शब्द होते. हयातीची नोंद करायला जो आला नाही, त्याच्यासाठी वेगळा रकानाच नव्हता. मग ती ‘गरज उरली नाही’ यापुढे खूण करून मोकळी व्हायची. वर्षभर. आता त्याच खुणांच्या भरवशावर त्याच्या हातातला अहवाल म्हणत होता, योजना इथे बंद करायला हरकत नाही.

“खुणेची ती लांब शेपटी तुमचीच, ओळखली मी,” तो हळूच म्हणाला. “तुम्हाला विचारलं असतं, तर अहवालात तुमचं नाव लिहावं लागलं असतं. म्हणून... आलो नाही.”

“भित्रे आहात.”

“तुमच्या बाबतीत, हो.”

तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या. तेवढ्यात साहेब पेन उघडूनच आले. “आणा, सही करतो. पाचच्या आत पाठवायचंय. गरज घटली, छानच की!”

पाहणीवाल्याने अहवाल साहेबांपुढे सरकवला. बाकीच्यांनी फायलींत डोकी खुपसली. त्या खुणा खोट्या आहेत हे ठाऊक सगळ्यांनाच होतं. बोललं तर तिची नोकरी जाणार, आणि हा तरी पुन्हा कशाला तिचं तोंड बघेल? खिडकीपलीकडे आजींची धाप अजून ओसरली नव्हती.

तिने साहेबांच्या हाताखालून कागद ओढला.

“गरज घटलेली नाही, साहेब. त्या खुणा माझ्या आहेत. त्या माणसांना जिने चढवले नाहीत, आणि आपण एकदाही खाली उतरलो नाही.” मग ती त्याच्याकडे वळली. “लिहा माझं नाव.”

“लिहितो. खाली माझंही, कळूनही गप्प बसलो म्हणून.” त्याने पेनाचं टोपण काढलं. “फक्त माझ्या नावापुढे ती खूण करू नका. मला गरज आहे... तुमची.”