ताईचं नाजूक हृदय

"यांना? छे हो डॉक्टर, यांना कधी साधी सर्दीसुद्धा झालेली नाही!" भावजय रडत रडत म्हणाली आणि तिच्यामागे भिंतीला टेकून उभ्या असलेल्या ताईच्या काळजात चर्र झालं.

पडद्यापलीकडे ताईचा पाठचा भाऊ अर्धवट शुद्धीत तळमळत होता. लिफ्ट दुरुस्त करताना छातीत कळ आली आणि सोबतच्यांनी त्याला उचलून दवाखान्यात आणलं होतं. हृदयाच्या नळीत रक्ताची गुठळी अडकली होती. ती विरघळवणारं औषध सलाइनमधून सोडायची नर्सची तयारी झाली होती.

"पुन्हा विचारतो," डॉक्टर म्हणाले, "हे औषध याआधी कधी दिलं होतं का? एकदा दिलं की शरीर त्याला वैरी समजून बसतं. दुसऱ्यांदा ते उलटू शकतं... रक्तदाब कोसळतो, श्वास कोंडतो, आणि गुठळी राहते तिथल्या तिथेच."

"नाही म्हटलं ना! आजारी त्या आमच्या वन्सं. हृदय त्यांचं नाजूक..."

सात वर्षं ताई हे नाजूक हृदय मिरवत होती! भावजय तिला पाण्याची बादली उचलू देत नव्हती, आणि वर "आयतं खायलाही नशीब लागतं" हे ऐकवायला चुकतही नव्हती. वास्तविक ताईची प्रकृती ठणठणीत होती. सात वर्षांपूर्वी, परगावी, अशीच गुठळी भावाला झाली होती, आणि हेच औषध त्याला दिलं होतं! पण त्याचं लग्न ठरत आलं होतं... आईने ताईला स्वतःच्या गळ्याची शपथ घातली आणि चारचौघांत सांगितलं की आजारी मुलगी आहे, मुलगा नुसता तिच्या उशाशी बसून आहे. भावाचं लग्न झालं. ताईचं ठरलेलं मोडलं. छापखान्यात रोज दुसऱ्यांच्या चुका काढणाऱ्या ताईने ही एक चूक मात्र डोळे मिटून छापू दिली होती!

बोलावं तर भावाचा संसार उधळणार... न बोलावं तर भाऊच जाणार! आई गं, क्षमा कर मला...

"थांबा!" ती ओरडली. "ते औषध नका देऊ! सात वर्षांपूर्वी दिलंय त्याला. आजारी मी नव्हते... तो होता!"

डॉक्टरांनी एकही प्रश्न न विचारता दुसरं औषध मागवलं. त्याचाही धोका होताच. रक्त पातळ होणार, कुठूनही वाहू लागणार, आणि डोक्यात वाहिलं तर काही खरं नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. दोघी बाकावर बसल्या. तासाभराने पडद्याच्या फटीतून भावाच्या हिरड्यांतून ओघळणारं रक्त दिसलं आणि दोघींनी नकळत एकमेकींचे हात घट्ट धरले!

"हिरड्यांचं चालतं," नर्स म्हणाली. "शुद्धीवर आहेत, बोलतायत."

भावजयीने हात सोडला नाही. "सात वर्षांपूर्वी..." ती पुटपुटली. "म्हणजे तुमचं लग्न मोडलं ते... आमच्यासाठी?"

ताईने मान खाली घातली.

"आणि मी तुम्हाला घासाघासाला टोचलं हो, वन्सं! एकदा तरी बोलायचंत..."

"बोलले असते तर तू आमच्या घरात राहिली असतीस का गं?"

पदरात तोंड खुपसून भावजय हमसाहमशी रडू लागली. एवढ्यात नर्सने पडदा सारला. "धोका अजून टळलेला नाही. रात्रभर कुणीतरी लक्ष ठेवायला हवं, पण एकालाच थांबता येईल. त्यांची बायको कोण?"

भावजय उठली. तिने डोळे पुसले आणि ताईला हाताला धरून आत नेऊन भावाच्या उशाशी बसवलं.

"वन्सं, तुम्हीच बसा," ती म्हणाली. "मागच्या वेळीही तुम्हीच बसला होतात."